तीन कोड, एक सेन्सर

पेट्रोलची गाडी, चार सिलिंडर, १.६ लिटर इंजिन, हवा मोजायला मास एअरफ्लो सेन्सर. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा कायम लागलेला. पळताना काही जाणवत नव्हतं, पण गाडी उभी राहिली की आयडलिंगला इंजिन किंचित थरथरायचं. स्कॅनर लावल्यावर गाडीच्या कंट्रोल युनिटने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने, नोंदवलेले दोषांचे तीन कोड निघाले: पी०१७१, पी०११३ आणि पी०१४१. पहिला सांगतो मिश्रण लीन आहे, म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त. दुसरा सांगतो आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं व्होल्टेज नको तितकं चढलंय. तिसरा सांगतो मागच्या ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) हीटरचं सर्किट चालत नाही. एवढ्यावर सुट्या भागांची यादी करायला घेतली की तीन सेन्सर लिहिले जातात. इथे बदलावा लागला फक्त एक.

हात घालण्यापूर्वी दिवा नीट बघून घ्यायचा. पिवळा आणि स्थिर असेल तर गाडी चालवून घरी नेता येते. पिवळा पण लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग मारतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल थेट धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय. अशा वेळी पाय हलका करायचा आणि लवकरात लवकर थांबायचं, नाहीतर एका इग्निशन कॉइलच्या दुरुस्तीत कन्व्हर्टरचीही भर पडते. लाल दिव्यांचा विषय वेगळाच. ऑइल प्रेशरची किटली किंवा तापमानाचा लाल दिवा लागला की बाजूला घेऊन इंजिन बंद, स्कॅनर नंतर.

या गाडीचा दिवा स्थिर होता, त्यामुळे घाई नव्हती.

सुरुवात बॅटरीपासून केली. हे कंटाळवाणं वाटतं, पण कमी व्होल्टेजवर कंट्रोल युनिट वाटेल ते कोड नोंदवतं आणि मग आपण नसलेल्या दोषामागे धावतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.५ व्होल्ट, स्टार्टर फिरताना खाली आलं ते १०.४ पर्यंत, इंजिन चालू असताना १४.२. तिन्ही आकडे ठीक. स्टार्टरच्या वेळी व्होल्टेज साडेनऊच्याही खाली गेलं असतं तर आधी बॅटरी आणि तिच्या अर्थच्या वायरा बघाव्या लागल्या असत्या.

स्कॅनरचं सॉकेट स्टिअरिंगच्या खाली असतं, १६ पिनांचं. ४ आणि ५ नंबर अर्थ, १६ नंबरवर थेट बॅटरीचा प्लस, ६ आणि १४ वर कॅन बसच्या, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या, दोन वायरा. स्कॅनर जोडलाच गेला नाही तर त्याला दोष देण्याआधी १६ नंबरवर करंट आहे का ते बघायचं. त्या लाइनचा फ्यूज बहुधा आतल्या चार्जिंग सॉकेटबरोबर सामाईक असतो आणि तोच उडालेला सापडतो. ब्लूटूथचं साधं अडॅप्टर आणि मोबाइलमधलं ॲप या कामाला पुरतं. मात्र ॲपमध्ये लाइव्ह डेटा (सेन्सरांचे चालू आकडे), फ्रीझ फ्रेम आणि पेंडिंग कोड (अजून पक्के न झालेले) या तिन्ही गोष्टी दिसायला हव्यात. नुसते कोड दाखवून पुसून टाकणारं ॲप निदानाच्या उपयोगाचं नाही.

पुसण्याबद्दल एवढंच की पहिल्या दिवशी काहीही पुसायचं नाही. कोड पुसले की फ्रीझ फ्रेम जाते, गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्याच्या नोंदीही शून्यावर येतात. बॅटरीची वायर काढून दिवा घालवला तरी बऱ्याच गाड्यांत हेच होतं. तिन्ही पडद्यांचे फोटो काढून ठेवले.

फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड पडला त्या क्षणी गाडी कशी चालली होती त्याची नोंद. बहुतेक गाड्या ती एकाच कोडची ठेवतात, आणि इंधन किंवा मिसफायरचा कोड आला की आधीची पुसून स्वतःची लिहितात. इथेही ती पी०१७१ ची निघाली. वेग शून्य, इंजिन मिनिटाला ७६० फेऱ्यांवर, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ८८ अंश, लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इंधनात केलेली भरपाई, खुलासा पुढे) अधिक २१.९ टक्के, शॉर्ट टर्म अधिक ७.८. हवेचं तापमान ३८ अंश.

या आकड्यांतून दोन गोष्टी कळल्या. दोष आयडलिंगला, गरम इंजिनावर पडलाय. आणि त्या क्षणी हवेच्या तापमानाचा सेन्सर शुद्धीवर होता. तुटलेला असता तर ३८ ऐवजी उणे ४० दिसलं असतं. म्हणजे लीनचा कोड त्या सेन्सरच्या पोटातून आलेला नाही. एकाच वेळी दिसणाऱ्या कोडांचं एकमेकांशी नातं असेलच असं नाही, आणि नातं आहे का हे बघायला फ्रीझ फ्रेमइतकी चांगली जागा नाही.

क्रम ठरवताना आधी विजेचे कोड घेतले, मिश्रणाचा शेवटी. कारण साधं आहे. मिश्रणाचं गणित कंट्रोल युनिट सेन्सरांच्या आकड्यांवरूनच मांडतं. आकडे खोटे असताना ट्रिम बघून काढलेला निष्कर्षही खोटाच निघणार.

पी०११३ पासून सुरुवात. गाडी रात्रभर थंड झालेली, चावी ऑन, इंजिन बंद. या अवस्थेत कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं हवं, दोन-तीन अंशांचा फरक चालतो. पडद्यावर कूलंट ३०, हवा उणे ४०. तापमानाच्या सेन्सरमध्ये थर्मिस्टर असतो. थंडीत त्याचा रोध वाढतो, उष्णतेत घटतो. कंट्रोल युनिट आतल्या एका रेझिस्टरमधून ५ व्होल्ट पाठवतं आणि सेन्सरने किती खाली खेचले ते मोजतं. वायर तुटली की कोणी खेचतच नाही, ५ व्होल्ट तसेच राहतात, आणि कंट्रोल युनिट समजतं की बाहेर बर्फही लाजेल अशी थंडी आहे. त्यामुळे उणे ४० दिसलं की ‘ओपन’ (सर्किट तुटलेलं) समजायचं आणि १३० च्या पुढचा आकडा थंड गाडीत दिसला की ‘शॉर्ट’ (वायरा एकमेकींना किंवा अर्थला टेकलेल्या). कोडच्या इंग्रजी नावातल्या ‘हाय’चा अर्थ व्होल्टेज जास्त, तापमान नव्हे. इथे पुष्कळजण फसतात.

सेन्सर एअर फिल्टरच्या डब्यावर, दोन पिनांचा, सहज हाताला येणारा. कनेक्टर काढला आणि हार्नेसच्या, म्हणजे गाडीच्या वायरिंगच्या, बाजूच्या दोन पिनांमध्ये वायरचा छोटा तुकडा टाकून त्या जोडल्या. पडद्यावरचा आकडा उणे ४० वरून झटकन १३० च्या वर गेला. म्हणजे कंट्रोल युनिट ठीक, दोन्ही वायरा इथवर अखंड. (दोन पिनांच्या तापमान सेन्सरवर हे निर्धास्त करता येतं. मास एअरफ्लो सेन्सरमध्येच तापमानाचा सेन्सर बसवलेला असेल तर त्याच्या पाच पिनांपैकी एकावर १२ व्होल्ट असतात. तिथे सर्किटचं चित्र बघितल्याशिवाय तुकडा टाकायचा नाही.) मग सेन्सर बाहेर काढून मल्टिमीटर लावला: ३० अंशांना १.७ किलोओहम. हेअर ड्रायरची गरम हवा दिली तर आकडा सलग उतरत गेला, मध्ये कुठे उडी नाही, कुठे अडकला नाही. सेन्सरही ठीक.

वायर ठीक, कंट्रोल युनिट ठीक, सेन्सर ठीक, आणि परत जोडलं की उणे ४०. मग उरलं काय? दोघांमधला सांधा.

कनेक्टर जोडलेला ठेवून बोटाने हलकेच डावीकडे दाबला, आकडा ३० वर आला. सोडला, उणे ४०. कनेक्टर पुन्हा काढून भिंगातून बघितलं. आतल्या बायकी पिना म्हणजे दोन पातळ पात्यांची चिमटी. सेन्सरची पिन त्यांच्यामध्ये घट्ट शिरायला हवी. एका चिमटीची पाती फाकलेली होती. त्याच मापाची सुटी पिन आत घालून ओढली तर चांगल्या बाजूला ती अडखळत, ओढ देत बाहेर आली. फाकलेल्या बाजूला नुसती उलटी धरली तरी स्वतःच्या वजनाने गळून पडली. पातं आपोआप असं फाकत नाही. आधी कोणीतरी मीटरची जाड सुई समोरून त्यात खुपसलेली. म्हणजे हा कोड मूळ दोषाचा नव्हताच, दोष शोधण्याच्या धडपडीतून जन्माला आलेला होता. आणि मघाच्या परीक्षेत वायरचा तुकडा टाकला तेव्हा सर्किट लागलं कशामुळे, तर तुकडा सेन्सरच्या पिनेपेक्षा जाड होता म्हणून. तुकडा टाकून सगळं ठीक दिसलं की लोक लगेच सेन्सर बदलतात. तेव्हा तुकड्याची जाडी पिनेपेक्षा जास्त नाही ना, हे आधी बघावं.

दुरुस्ती करताना कनेक्टरचं पिवळं कुलूप बारीक स्क्रू-ड्रायव्हरने उचललं, पिनेमागची जीभ दाबून पिन मागच्या बाजूने बाहेर काढली, सुईच्या टोकाने दोन्ही पाती आत वळवली, सुट्या पिनेने ओढ तपासली, पिन परत बसवली. ‘टक’ असा आवाज आला की जीभ अडकली; मग वायर हलकेच ओढून खात्री. पातं एकदा फाकून परत वळवलं की त्यात पूर्वीचा ताण राहत नाही, म्हणून ही दुरुस्ती कायमची धरायची नाही. तयार वायरींसकट नवा कनेक्टर मिळाला तर तोच जोडणं बरं. या गाडीत थोड्या दिवसांनी तेच केलं. व्होल्टेज मोजायचं तर कनेक्टर जोडलेला ठेवून मागच्या रबरी सीलशेजारून टाचणीइतकी बारीक सुई सरकवायची. वायरीचं आवरण भोसकायचं नाही. त्या भोकातून पाणी आत जातं, तांबं हिरवं पडतं आणि कधीतरी पुढे ती वायर आतून तुटते.

आता पी०१४१. मागचा ऑक्सिजन सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या पलीकडे, गाडीच्या पोटाखाली. साधारण तीनशे अंशांच्या पुढे तापल्याशिवाय हा सेन्सर काही सांगत नाही, म्हणून आत हीटर. चार वायरांपैकी दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, राखाडी सिग्नलच्या अर्थची. हा रंगांचा पायंडा बऱ्याच उत्पादकांचा आहे, सगळ्यांचा नाही. सेन्सरच्या बाजूच्या दोन पांढऱ्यांमध्ये थंड असताना काही ओहम दिसायला हवेत, बहुतेक सेन्सरांत ४ ते १५ च्या दरम्यान. मीटरने अनंत दाखवलं. हीटर आतून तुटलेला.

इथेच थांबून सेन्सर मागवता आला असता, पण हीटर का तुटला हा प्रश्न उरतो, आणि नवा सेन्सर लावल्यावर गाडीकडून त्याला करंट मिळणार का हाही. फ्यूज बघितला, ठीक. तो ठीक असणार हे अपेक्षितच होतं, कारण पुढच्या सेन्सरचा हीटर त्याच फ्यूजवर आणि त्याचा कोड नव्हता. मग हार्नेसच्या बाजूच्या हीटरच्या दोन पिनांमध्ये ५ वॉटचा बल्ब जोडून इंजिन चालू केलं. मीटरऐवजी बल्ब मुद्दाम. जोड गंजून वायर जेमतेम टेकत असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण त्याला करंट जवळपास लागतच नाही. बल्ब मात्र अशा वायरीवर नीट पेटत नाही. पहिली काही मिनिटं अंधार. घाबरायचं कारण नाही; सायलेन्सरच्या पाइपात थंडपणी पाणी साचलेलं असतं, तापलेल्या सिरॅमिकवर ते पडलं तर तडा जाईल, म्हणून कित्येक गाड्या मागचा हीटर उशिरा चालू करतात. पाइप तापल्यावर बल्ब मंद पेटला. मंद, कारण कंट्रोल युनिट करंट तुकड्यातुकड्यांनी सोडतं. गाडीची बाजू निर्दोष ठरली, मग सेन्सर मागवला.

काढताना सायलेन्सर कोमट हवा. पूर्ण थंडपणी आटा आवळून बसतो, लालबुंद असताना हात भाजतात आणि आटे निघून येतात. आदल्या रात्री आट्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. २२ मिलिमीटरचा, वायर बाहेर काढायला बाजूला फट असलेला गोटी पाना लागतो. आधी कनेक्टर सोडवायचा, नाहीतर सेन्सर फिरताना वायरीला पीळ पडतो. आटा एम १८, दीडच्या पिचचा. नव्या सेन्सरच्या आट्यावर कारखान्यातूनच लेप आलेला होता, म्हणून वरून काही लावलं नाही. बोटाने आत घालत नेला, शेवटी ४५ न्यूटन मीटरवर आवळला. टोकाला ग्रीस, ऑइल, काही लागू द्यायचं नाही. साधं सिलिकॉन सीलंट इंजिनाच्या कामात वापरलं असेल तर त्याची वाफही सेन्सरला मारते, त्यावर ‘सेन्सर सेफ’ लिहिलेलंच घ्यावं.

स्वस्त पडतो म्हणून कनेक्टर नसलेला, वायरा कापून जोडायचा सेन्सर कोणी घेतला तर त्या वायरांना डाख देऊ नये. सेन्सर बाहेरच्या हवेशी तुलना करून मोजतो आणि अनेक सेन्सरांत ती हवा वायरीच्या तारांमधल्या फटीतून आत जाते. डाखाने फट बुजली की सेन्सर गुदमरतो आणि आकडे हळूहळू सरकायला लागतात. तिथे दाबून बसवायचे जोड वापरायचे. जुना सेन्सर मरायचं कारणही सापडलं: त्याची वायर धरणारी क्लिप तुटली होती आणि वायर लोंबून रबरी बुचापाशी सतत हेलकावे खात होती. क्लिप नवी बसवली. ती तशीच सोडली असती तर नवा सेन्सरही त्याच वाटेने गेला असता.

राहिला पी०१७१, आणि खरी मजा इथेच.

लीनचा कोड पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आकड्यांवरून पडतो, म्हणून बळी त्याचाच जातो. निरोप्याला मारण्यातला प्रकार. तो खरं बोलतोय का हे पाच मिनिटांत कळतं. ही गाडी जुन्या पद्धतीच्या, ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये वरखाली होणाऱ्या झिरकोनिया सेन्सरची. (वाइडबँड सेन्सर असेल तर हे व्होल्टेज बघायचं नाही, लॅम्डाचा, म्हणजे हवा-इंधनाच्या प्रमाणाचा, आकडा बघायचा.) गरम इंजिन आयडलिंगला ठेवून मॅनिफोल्डवरचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या जोडावरचा) एक बारीक व्हॅक्यूम पाइप काढला, व्होल्टेज लगेच ०.१ वर. पाइप लावून हवेच्या पाइपात प्रोपेन अगदी थोडा सोडला, ०.८५ वर. दोन्हीकडे चटकन उत्तर. सेन्सर जिवंत आहे, आणि त्याची तक्रार खरी आहे.

आता ट्रिम. शॉर्ट टर्म म्हणजे या क्षणी कंट्रोल युनिट इंधन किती वाढवतं किंवा घटवतं ते. लाँग टर्म म्हणजे ती सवय मुरून बनलेला हिशेब. दोन्हींची बेरीज बघायची. शून्याच्या आसपास पाच-सात टक्के इकडेतिकडे असलं तर दुर्लक्ष, दहाच्या पुढे गेलं की कारण शोधायचं, आणि बेरीज पंचवीसच्या आसपास टिकून राहिली की बहुतेक गाड्या लीनचा कोड टाकतात. इथे आयडलिंगला बेरीज अधिक २७ च्या घरात. ॲक्सिलरेटर दाबून इंजिन २५०० फेऱ्यांवर स्थिर धरलं, तर अधिक ४.७ वर उतरली.

हा उतार म्हणजे अर्धं निदान. आयडलिंगला थ्रॉटल (आत येणाऱ्या हवेची झडप) जवळजवळ बंद, इंजिन हवा ओढतं ती थोडीशीच, आणि मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम सगळ्यात जास्त. कुठे फट असेल तर तिथून शिरणारी, सेन्सरने न मोजलेली हवा एकूण हवेचा मोठा वाटा ठरते. रेस दिली की थ्रॉटलमधून भरपूर हवा येते आणि फटीतली हवा त्यात बुडून जाते. उलट, पेट्रोलचा पंप दमला असेल किंवा पेट्रोलचा फिल्टर तुंबला असेल तर आयडलिंगला सगळं गोड आणि चढावर, लोडवर ट्रिम चढत जातं. मास एअरफ्लोची तार मळली असेल तरी जास्त हवेला ती कमी मोजते, म्हणजे ट्रिम लोडवरच चढतं. त्या संशयाचं निरसन म्हणून हवेचा आकडाही बघून ठेवला: गरम आयडलिंगला सेकंदाला २.३ ग्रॅम. एवढ्या इंजिनाला दोन ते चार अपेक्षित. खालच्या टोकाला आहे, पण फटीतून काही हवा चोरवाटेने येत असेल तर तो कमी दिसणारच. मास एअरफ्लो साफ करायची वेळ आलीच तर फक्त त्यासाठीचा स्प्रे, कापूस-ब्रश काही नाही, आणि पूर्ण सुकल्यावरच जोडायचा.

फट शोधायच्या पद्धती पुष्कळ. कार्बोरेटर क्लीनर उडवून आयडलिंग बदलतं का बघणारे बरेच आहेत. तापलेल्या एक्झॉस्टवर ते पेट घेतं, मला ती पद्धत पसंत नाही. साध्या पाण्याचा फवारा पुष्कळदा काम भागवतो: फटीवर पाणी बसलं की क्षणभर ती बुजते आणि आवाज बदलतो. मी आधी चिमटे वापरले. मॅनिफोल्डला जाणारा एकेक रबरी पाइप गुळगुळीत जबड्याच्या चिमट्याने दाबायचा आणि स्कॅनरवर शॉर्ट टर्म बघायचं. ब्रेक बूस्टरचा दाबला, काही नाही. टाकीतली वाफ ओढणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हचा दाबला, काही नाही. टॅपेट कव्हरवरून मॅनिफोल्डकडे जाणारा पीसीव्हीचा (इंजिनातली ऑइलची वाफ परत आत ओढणारा) पाइप दाबला आणि शॉर्ट टर्म बघता बघता अधिक ७ वरून उणे १५ च्या खाली गेलं. लाँग टर्मची सवय अजून तशीच होती, म्हणून शॉर्ट टर्मला उलट्या दिशेने भरपाई करावी लागली.

वरून तो पाइप नवाकोरा दिसत होता. खालच्या बाजूला, वाकणावर, आरसा घालून बघितलं तेव्हा बोटाच्या पेराएवढी उभी चीर दिसली. ऑइलच्या वाफेने रबर आतून फुगून मऊ पडलेलं. इंजिन बंद असताना चिरेच्या कडा एकमेकींना चिकटून बसायच्या, चालू झालं की व्हॅक्यूमने पाइप दबून चीर उघडायची. बंद गाडीत नुसतं निरखून हा दोष कधीच सापडला नसता. पाइप सापडला नसता तर पुढची पायरी धुराची होती: थ्रॉटलपाशी वाट बंद करून मॅनिफोल्डमध्ये अगदी कमी दाबाने धूर सोडायचा, १ पीएसआयच्या वर नाही, आणि कुठून निघतो ते बघायचं. त्याहून जास्त दाब दिला की चांगली सीलही सुटतात.

नवा पाइप साध्या पाण्याच्या होजचा लावायचा मोह टाळला. त्याला ऑइल चालत नाही आणि व्हॅक्यूमने तो आत चिकटतो. मूळ साच्यातला, ऑइलला टिकणारा पाइप आणि दोन नव्या क्लिपा. त्याबरोबर पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवला, आत खुळखुळ वाजला, म्हणजे अडकलेला नाही.

आता कोड पुसले, फोटो जपून ठेवून. पुसल्यावर लाँग टर्म शून्यापासून शिकायला लागतं; पंधरा-वीस मिनिटं मिश्र वेगाने चालवल्यावर आयडलिंगला बेरीज अधिक २.३. थरथर गेली. मात्र दिवा विझला यावर विसंबायचं नाही, कारण पुसल्यावर तो विझणारच. बरेच दोष सलग दोन फेऱ्यांत (इथे फेरी म्हणजे गाडी सुरू करून चालवून बंद करणं) दिसले तरच दिवा लागतो, पहिल्या फेरीत ते फक्त पेंडिंगच्या यादीत बसतात. म्हणून पुढचे काही दिवस ती यादी आणि रेडिनेसच्या, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्याच्या, नोंदी बघत राहिलो. ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरची चाचणी पहिल्याच थंड स्टार्टनंतर पूर्ण झाली. कन्व्हर्टरची सगळ्यात उशिरा, तिला गरम इंजिनावर बराच वेळ एका वेगाने चालणं लागतं. ज्यांनी न पुसता दुरुस्ती केली त्यांचा दिवा सलग तीन स्वच्छ फेऱ्यांनंतर आपणहून विझतो. कोड मात्र आत राहतो आणि साधारण ४० वेळा इंजिन तापून थंड झाल्यावर पुसला जातो. नव्या काही गाड्यांत ‘पर्मनंट’ कोडची वेगळी यादी असते, ती स्कॅनरने पुसली जात नाही, गाडीलाच खात्री पटावी लागते.

या गाडीत तिन्ही कोडांची तीन वेगळी कारणं निघाली. नेहमी असं नसतं. मॅनिफोल्ड प्रेशर, ॲक्सिलरेटर पेडल आणि एसी प्रेशर अशा सेन्सरांचे ‘लो’ कोड एकाच वेळी पडले तर ते तिघे एकदम मेले असं मानायचं नाही. त्यांना ५ व्होल्ट देणारी लाइन बऱ्याचदा सामाईक असते आणि कुठेतरी अर्थला टेकलेली असते. चावी ऑन ठेवून त्या लाइनवर मीटर लावायचा आणि एकेक कनेक्टर काढत जायचं. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो सेन्सर किंवा त्याची वायर गुन्हेगार. सगळे काढूनही आले नाहीत तर वायरिंग कुठे घासलंय ते शोधायचं, बहुधा एखाद्या ब्रॅकेटच्या धारेवर.

क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या मोजणारा, हा आणखी एक लबाड. थंड असताना सगळं ठीक, तापला की इंजिन अचानक बंद, अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही अशी गाडी सुरू. गॅरेजमध्ये नेईपर्यंत तो थंड झालेला असतो, म्हणून सापडत नाही. गाडी बंद पडलेली असतानाच स्टार्टर मारून स्कॅनरवर इंजिनाच्या फेऱ्यांचा आकडा बघायचा. स्टार्टर जोरात फिरतोय आणि आकडा शून्यच, तर त्या सेन्सरकडे आणि त्याच्या कनेक्टरकडे जायचं. आणि तिथेही, सेन्सर मागवण्याआधी, सुटी पिन घालून चिमट्यांची ओढ बघायची.